ब्रिटिशकालीन म्हणजे नेमका कधीचा?

जुन्या बाजारात गंजलेल्या प्रत्येक चाकूचे वय एकच असते: ‘ब्रिटिशकालीन’. विकणारा छातीठोकपणे सांगतो, घेणारा मान डोलावतो आणि भाव वर सरकतो. मुंबईच्या चोर बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात हे चालतेच. पेठ-सुरगाण्याकडच्या माळ्यावरून उतरून एखादा घडीचा चाकू नाशिकच्या भंगारात आला, तर त्यालाही हेच बिरुद चिकटणार. पेशवाई बुडाली तेव्हापासून मोजले तरी हा काळ १२९ वर्षांचा होतो. इतक्या ऐसपैस काळाला तारीख कोण म्हणेल?

खरी माहिती पात्याच्या बुडाशी असते. चाकू पूर्ण उघडला की पाते मुठीत जिथे शिरते, तिथे नखाएवढी सपाट जागा दिसते. कारखान्याचा छाप तिथेच. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचा छाप म्हणजे तारा आणि माल्टीज क्रॉस. तो १७६४ पासूनचा, आणि विसाव्या शतकातही वापरात होता. तेव्हा तारा दिसला म्हणून चाकू अठराव्या शतकातला ठरत नाही. सोबत मुकुट आणि राजाची आद्याक्षरे असतील तर शोध जरा आवळता येतो. ‘व्ही. आर.’ म्हणजे व्हिक्टोरिया राणी, १८३७ ते १९०१. पण एवढ्या काळात पेठ हे संस्थान होते, तिथे १८५७ चा उठाव झाला, १८७८ मध्ये तिथल्या बेगम वारल्या आणि पेठ नाशिक जिल्ह्यात सामील झाले. दोन अक्षरांत एवढे सगळे मावते! ‘जी. आर.’ तर आणखी फसवे, कारण गादीवर आलेले जॉर्ज एकाहून अधिक. शिवाय रॉजर्सच्या छापाची नक्कल करणारेही त्या काळी कमी नव्हते.

म्हणून छापाच्या शेजारचे शब्द अधिक कामाचे. जर्मनीचा माल शेफिल्डच्या नावावर खपतो, अशी तिथल्या कारागिरांची ओरड होती. त्यातून ब्रिटनने १८८७ मध्ये मालावरच्या खोट्या खुणांविरुद्ध कायदा केला. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द त्यानंतर रुळले. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर चाकू १९४९ च्या आधीचा असूच शकत नाही. ‘स्टेनलेस’ शब्द दिसला, तर शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये केलेल्या पोलादाच्या प्रयोगाआधी जाता येत नाही. सत्तावन्नच्या बंडातला स्टेनलेस चाकू ही शुद्ध थाप. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूच्या मानेवर फिरणारी कडी असेल तर तो १९५५ नंतरचा. चाकूचा मूळ खोका सापडला तर मग सोनेच: किंमत आण्यांत छापली असेल तर तो बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा, आणि दुकानाच्या पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा.

नाशिककरांनी आणखी एका खुणेवर नजर ठेवावी. देवळालीत गोऱ्या पलटणींची छावणी होती. काळी, चौकटी नक्षीची मूठ, टोकाला कडी, आत डबा फोडायचे हत्यार आणि जाड टोच्या, असा लष्करी चाकू हाती आला तर पात्यावर लहानसा बाण शोधावा. ती ब्रिटिश सरकारी मालाची खूण. शेजारी अनेकदा सालही कोरलेले असते. तिथे तर्काची गरजच उरत नाही.

मूठ सांबरशिंगाची असेल तर गंमतही आहे आणि जोखीमही. शेफिल्डवाले मुठींसाठी भारतातून शिंगे मागवत, म्हणजे आपल्याकडच्या जंगलातले शिंग विलायतेला जाऊन मूठ होऊन परत यायचे. मात्र अशी वस्तू विकायला काढण्याआधी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा पाहून घ्यावा.

या सगळ्या खुणांचा खरा शत्रू गंज नसून पॉलिशपेपर आहे. चाकू चकचकीत केला की गिऱ्हाईक खूश होते, पण उथळ कोरलेली अक्षरे त्या घासण्यातच जातात आणि मग ‘ब्रिटिशकालीन’ म्हणायला रान मोकळे. निदान बुडाशी तरी हात लावू नये. तेलाचे दोन थेंब टाकून मऊ फडक्याने पुसावे, अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा उजेड एका बाजूने, अगदी तिरपा पाडावा. पुसट अक्षरांच्याही कडांना सावली धरते. फोटो तेव्हाच काढावा. अशी अक्षरे न दाखवता वय सांगणाऱ्याला जास्तीचा पैसा देण्याचे कारण नाही.

आणि ज्याच्यावर छापच नाही, त्याचे काय? पेठच्या शिवारात पिढ्यान्‌पिढ्या चालले ते विळे, कोयते आणि चाकू गावच्या लोहाराने किंवा पालावर उतरलेल्या घिसाड्याने ठोकलेले. जुन्या वस्तूंचे शौकीन त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, ही त्यांची मोठी चूक. ट्रकच्या पाट्यातून घडवलेले पाते मोटारींच्या आधीचे नसते, इतके तरी धातू सांगतो. बाकीचे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे: कोणी घडवला, कोणत्या गावचा लोहार, बाहत्तरच्या दुष्काळाआधी की नंतर. उत्तर चिठ्ठीवर लिहून मुठीला बांधावे, आणि मग हवा तर चाकू विकावा.