तार दिल्लीची, खोळंबा गावाचा



२०२५ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस घालायचा, तर आधी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करा, असे फर्मान निघाले. त्याआधी २०२१ मध्येच पीकपेऱ्याची नोंद मोबाईलवर आली. कोरडवाहू शेतकरी पावसाची वाट पाहतच जन्मतो. आता बांधावर उभा राहून 'रेंज'चीही वाट पाहतो.

ही सोय करायची कोणी? राज्यघटनेने टेलिफोन आणि तार हे विषय केंद्राच्या यादीत टाकले. पंचायतींच्या २९ विषयांत गावची वीज आहे, टेलिफोन नाही. म्हणजे खर्च दिल्लीने करायचा. पण तो पैसा दिल्लीच्या पदरचा नाही. २००२ साली खेड्यांच्या दूरसंचारासाठी निधी सुरू झाला. त्यासाठी टेलिफोन कंपन्यांच्या महसुलातून ५ टक्के घेतले जातात, आणि कंपन्या ते गिऱ्हाइकाकडून वसूल करतात. आपल्या रिचार्जमधलाच हा पैसा. २०२४ मध्ये त्याला 'डिजिटल भारत निधी' हे नवे नाव मिळाले.

सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. पहिल्या एक लाखांचा टप्पा पुरा व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने काम स्वतःकडे घेतले, तेच 'महानेट'. निधी केंद्राचा, काम राज्याचे, पेटी ग्रामपंचायतीत. आता तार तुटली, पेटीची वीज गेली, तर बघायचे कोणी? बारभाईची शेती! विहीर खोदली, मोटार बसवली, पण बिघडलेली मोटार कोणी दुरुस्त करायची हे ठरलेच नाही, तर पऱ्हाटी वाळणारच.

२०२३ मध्ये केंद्राने सुधारित योजनेला १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये मंजूर केले. त्यात दहा वर्षांची देखभाल धरली आहे. ग्रामपंचायतीबाहेरच्या गावांना मात्र जोडणी मागणीनुसार मिळायची आहे. जे गाव मागणार नाही, ते मागेच राहणार.

म्हणून येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न लेखी विचारा: आपली पेटी चालू आहे का? तिचे वीजबिल कोण भरते? तार तुटल्यास जबाबदार कोण, आणि किती दिवसांत दुरुस्ती? उत्तर मिळाले नाही तर ठराव करा आणि त्याची प्रत जिल्हा मेळाव्याला आणा. नोंदणीची सक्ती करणाऱ्या सरकारने आधी तार चालू ठेवावी. पैसा आपला आहे. हिशेबही आपणच मागायचा.