वळिवडे : घर हरवलेल्यांचे स्मरण

युक्रेनमध्ये २०२२ साली युद्ध भडकले आणि लक्षावधी कुटुंबांना हाती लागेल ते घेऊन देश सोडावा लागला. अशा कुटुंबांचे पुढे काय होते, याची साक्ष महाराष्ट्रातच आहे.

१९४० पासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील कुटुंबांना घरांतून उठवून सैबेरिया व कझाकस्तानात धाडले. त्यांपैकी सुमारे ५,००० जण इराणमार्गे येऊन १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळील वळिवडे छावणीत राहिले. त्यांत प्रामुख्याने स्त्रिया व मुले होती आणि बहुतेक कॅथलिक होते. १९४५ साली युद्ध थांबले, परंतु सीमा बदलल्या. त्यांची घरेदारे व शेतीवाडी सोव्हिएत राज्यात गेली. शांतता आली, पण परतावयास गाव उरले नाही.

गेलेल्या वस्तू कोणी परत देऊ शकत नाही. स्मरण मात्र आश्रय देणाऱ्यासही जपता येते. कोल्हापूरच्या महावीर उद्यानातील स्मारक हेच सांगते.

राहात्याच्या भाविकांस आमची विनंती आहे : २ नोव्हेंबरला आपल्या मृतांसाठी प्रार्थना करताना परक्या मातीत विसावलेल्या या निर्वासितांचेही स्मरण करावे. तसेच घरातील जुन्या छायाचित्रांमागे नावे व वर्षे आजच लिहून ठेवावीत. ती सांगणारी वडीलधारी माणसे सदैव आपल्यात असणार नाहीत.