डोंगरीचे १०१ दिवस आणि अदृश्य कात्री

हिरण्यकेशीच्या काठचे गडहिंग्लज आज महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरील तालुक्याचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात ते कोल्हापूर संस्थानच्या मुलखात होते. त्या संस्थानच्या गादीवरील तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेडे ठरवून त्यांचा छळ केला जात आहे, ही कुजबुज १८८१ च्या सुमारास सर्वत्र पसरली होती. ही गोष्ट उघडपणे छापण्याचे धाडस पुण्याच्या 'केसरी' आणि 'मराठा' या नव्या पत्रांनी केले. संस्थानचे दिवाण माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. ज्या पत्रांच्या आधारे आरोप केले होते ती पत्रे बनावट निघाली. जुलै १८८२ मध्ये लोकमान्य टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढून ते दोघे २६ ऑक्टोबरला बाहेर आले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुढे पुस्तकच लिहिले.

ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे. पण तिचा उत्तरार्ध क्वचितच आठवला जातो. शिक्षा भोगून संपादक बाहेर आल्यानंतर सव्वा वर्ष उलटले नाही तोच, डिसेंबर १८८३ मध्ये, कोल्हापूरपासून दूर अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे, पहाऱ्यावरील ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर महाराजांचा अंत झाला. पुरावा म्हणून पुढे केलेली पत्रे खोटी होती. पण महाराजांच्या जिवाविषयी 'केसरी'ने व्यक्त केलेली चिंता खोटी नव्हती. एकाच मजकुरात असत्याचा कागद आणि सत्याचा गाभा एकत्र नांदू शकतात, हा या प्रकरणाचा खरा धडा आहे. समाजमाध्यमांवरील मजकुराचे खरेखोटे शासनानेच ठरवावे आणि शासनानेच तो काढून टाकावा, असा आग्रह जेव्हा जेव्हा धरला जातो, तेव्हा हा धडा आठवला पाहिजे. बर्वे यांच्या दरबाराला त्या काळी सत्यता तपासण्याचा अधिकार असता, तर पत्रे बनावट असल्याचा शेरा मारून साऱ्या प्रकरणावरच बोळा फिरवला गेला असता, आणि महाराजांच्या मृत्यूनंतर प्रश्न विचारायलाही कोणी उरले नसते.

फिर्यादी दिसत होता

टिळक-आगरकरांवर अन्याय झाला की नाही, यावर वाद घालता येईल. पण त्यांना काही गोष्टी निश्चितपणे ठाऊक होत्या. फिर्याद कोणाची, आक्षेप कोणत्या मजकुरावर, न्यायाधीश कोण आणि शिक्षा किती, हे सारे उजेडात होते. म्हणूनच लोक त्यांच्या पाठीशी उभे राहू शकले आणि तुरुंगाच्या दारात त्यांचे स्वागत करू शकले. परकी सत्तेच्या न्यायालयातसुद्धा एवढा उघडेपणा होता.

आज गडहिंग्लजच्या एखाद्या तरुणाने आपल्या भागातील एखाद्या कामाच्या दर्जावर समाजमाध्यमात चार ओळी लिहिल्या आणि त्या दुसऱ्या दिवशी अदृश्य झाल्या, तर त्याला काय कळते? कंपनीचे एक यांत्रिक उत्तर येते. कित्येकदा तेही येत नाही. मजकूर कंपनीने आपल्या नियमानुसार काढला, की कोणा अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून काढला, याचा पत्ता लागत नाही. आदेशाची प्रत हाती नसेल तर न्यायालयात आव्हान द्यायचे तरी कशाला? गुन्हेगाराला मिळणारी न्यायाची हमी येथे सामान्य लेखकाला मिळत नाही.

कायद्याची रचना पाहिली म्हणजे यामागचे कारण उमगते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ नुसार केंद्र शासन मजकूर रोखण्याचा आदेश देऊ शकते. त्यासाठी ठरावीक कारणे आहेत, समिती आहे आणि कारणे लेखी नोंदवण्याचे बंधन आहे. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात कुप्रसिद्ध कलम ६६-अ रद्द केले. परंतु या संरक्षक तरतुदींकडे पाहूनच कलम ६९-अ कायम ठेवले. मात्र त्याच कायद्यात कलम ७९ आहे. बेकायदा मजकुराची सूचना मिळूनही तो न काढणाऱ्या कंपनीला स्वतःचे कायदेशीर संरक्षण गमवावे लागते. २०२४ मध्ये सुरू झालेले 'सहयोग' पोर्टल याच तरतुदीच्या आधारे चालते. त्याविरुद्ध 'एक्स' कंपनीने केलेली याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. त्यानंतर महिनाभरात केंद्रानेच नियम बदलून, अशी सूचना देण्याचा अधिकार सहसचिव किंवा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्यांपुरता, आणि पोलिसांच्या बाबतीत उपमहानिरीक्षक व त्यावरील दर्जापुरता, मर्यादित केला. ही सुधारणा स्वागतार्हच आहे. पण बंधनाची गरज होती, याचीही ती कबुली आहे.

कंपनी ही व्यापारी संस्था आहे. तिला लेखकाच्या चार ओळींपेक्षा आपला धंदा प्रिय असणे स्वाभाविक आहे. शासनाने डोळे वटारले की ती संशयाचा फायदा लेखकाला देत नाही. मजकूर काढून मोकळी होते. हे केवळ भारतात घडते असेही नाही. वाणीस्वातंत्र्याचे माहेरघर म्हणवणाऱ्या अमेरिकेत, करोना काळातील काही मजकूर, त्यात विनोद आणि उपहासही आला, काढून टाकावा यासाठी बायडेन प्रशासनातील वरिष्ठांनी २०२१ मध्ये वारंवार दबाव आणला, असे 'मेटा'चे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील संसदीय समितीला लेखी कळवले. शासनाने हात झटकायचे आणि कात्री खासगी कंपनीच्या हाती द्यायची, ही नव्या काळातील सेन्सॉरशिपची रीत आहे.

ज्यांनी भोगले त्यांची स्मृती

राष्ट्रीय विचाराच्या चळवळीला सेन्सॉरचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. प्रजासत्ताकाला जेमतेम महिना झाला असताना, मार्च १९५० मध्ये, दिल्लीच्या मुख्य आयुक्तांनी 'ऑर्गनायझर'ला मजकूर छापण्यापूर्वी तपासून घेण्याचा आदेश दिला. ब्रिजभूषण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. त्याच दिवशी साम्यवादी विचाराच्या 'क्रॉस रोड्स'लाही न्याय मिळाला. परस्परांचे कट्टर वैचारिक विरोधक असलेली दोन नियतकालिके एकाच तत्त्वावर सुटली, ही या देशाच्या न्यायेतिहासातील अभिमानास्पद घटना आहे. त्यावर नेहरू शासनाचे उत्तर काय होते? १९५१ ची पहिली घटनादुरुस्ती! अनुच्छेद १९ मधील बंधनांची व्याप्ती वाढवणाऱ्या त्या दुरुस्तीला संसदेत डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी कडाडून विरोध केला होता.

पुढे १९७५ ची आणीबाणी आली. वृत्तपत्रांच्या अग्रलेखांच्या जागा कोऱ्या राहिल्या, हजारो कार्यकर्ते तुरुंगात गेले. त्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी, यशवंतराव चव्हाण व्यासपीठावर असताना, जयप्रकाशजींच्या प्रकृतीसाठी सभागृहाला प्रार्थना करायला लावली. दुर्गाबाई संघविचाराच्या नव्हत्या. त्यांचे ते धैर्य मात्र साऱ्या महाराष्ट्राचे होते.

याउलट स्वातंत्र्याची ग्वाही मिरवणाऱ्यांचे वर्तन कसे राहिले? मे २०२२ मध्ये शरद पवार यांच्याविषयीच्या एका फेसबुक मजकुरासाठी अभिनेत्री केतकी चितळे यांना अटक झाली. राज्यभर ठिकठिकाणी गुन्हे नोंदवले गेले आणि सुमारे ४० दिवस त्या कोठडीत राहिल्या. तो मजकूर अभिरुचीहीन होता, हे मान्यच. पण अभिरुचीच्या अभावासाठी तुरुंग? अभिव्यक्तीसाठी एरवी पत्रके काढणारी अनेक पुरोगामी लेखणी त्या ४० दिवसांत शाई वाळल्यासारखी गप्प होती.

कसोटी स्वतःची

दुसऱ्याचे दुटप्पीपण दाखवणे सोपे असते. तत्त्वाची कसोटी लागते ती न आवडणारा माणूस बोलतो तेव्हा. ती वेळ कोल्हापूर जिल्ह्यावर येऊन गेली आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये जिल्ह्यातील एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या काश्मिरी प्राध्यापकाने व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस असल्याचे लिहिले आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. हातकणंगले पोलिसांनी कलम १५३-अ खाली गुन्हा नोंदवला. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिला. अखेर ७ मार्च २०२४ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांच्या पीठाने गुन्हा रद्द केला. शासनाच्या निर्णयावर टीका करणे हा नागरिकाचा हक्क आहे आणि दुसऱ्या देशाला शुभेच्छा देणे हा गुन्हा नव्हे, असे सांगून पोलिसांना अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे शिक्षण देण्याची वेळ आली आहे, असेही न्यायालयाने सुनावले.

ज्या गडहिंग्लज परिसरातील गावोगावचे जवान सीमेवर उभे आहेत, तेथे हे स्टेटस वाचून संताप येणे अगदी नैसर्गिक आहे. अनुच्छेद ३७० हटवण्यासाठी डॉ. मुखर्जींनी काश्मीरमध्ये बंदिवासात प्राण ठेवला. ते अनुच्छेद गेल्याचा दिवस कोणी काळा म्हणावा, हे झोंबणारच. तथापि त्या मताला उत्तर द्यायला पुरेसे सत्य, पुरेसा इतिहास आणि पुरेशी वाणी ज्यांच्यापाशी आहे, त्यांना पोलीस ठाण्याची पायरी चढण्याचे कारण काय? युक्तिवाद जिंकता येत असताना फिर्याद गुदरणे म्हणजे स्वतःच्या पक्षाची बाजू लंगडी असल्याचे मान्य करणे होय.

व्यवहाराच्या दृष्टीनेही हाच मार्ग शहाणपणाचा आहे. कायद्याला चेहरा ओळखता येत नाही. आज मित्रांच्या हाती असलेली कात्री उद्याच्या निवडणुकीनंतर कोणाच्या हाती जाईल, हे कोणी सांगावे? केंद्राच्या कारभाराविषयीचा मजकूर खरा की खोटा, हे केंद्राच्याच सत्यशोधन कक्षाने ठरवावे, अशी २०२३ ची नियमदुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली. त्या निर्णयाने ज्यांना वाईट वाटले, त्यांनी तोच कक्ष १९७५ च्या शासनाच्या हाती असल्याची कल्पना करून पाहावी.

मग अफवांचे काय?

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो डावलता येणार नाही. समाजमाध्यमातील चिथावणीने माणसे मरतात. जून २०१४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांची विटंबना करणाऱ्या फेसबुक मजकुरामुळे उसळलेल्या क्षोभात, पुण्याच्या हडपसरमध्ये त्या मजकुराशी काडीचाही संबंध नसलेल्या एका तरुण अभियंत्याचा जमावाने बळी घेतला. जून २०२३ मध्ये औरंगजेबाचा उदोउदो करणाऱ्या स्टेटसवरून कोल्हापूर पेटले आणि इंटरनेट बंद करावे लागले. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न तापला असता, नेत्यांच्या नावांच्या बनावट ट्विटर खात्यांनी आगीत तेल ओतल्याचे खुद्द केंद्रीय गृहमंत्र्यांनी सांगितले. दोन भाषा रोज एकमेकींशी बोलतात अशा गडहिंग्लज-संकेश्वर पट्ट्याला बनावट खात्याचा धोका शिकवावा लागत नाही.

म्हणून राज्याच्या हातात काहीच अधिकार नसावा, असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही. हिंसेची चिथावणी देणाऱ्यावर खटला भरावा. दगड उचलणाऱ्या हातालाही तितक्याच तत्परतेने पकडावे. मजकूर रोखणे अटळच असेल तर आदेश लेखी असावा, त्यावर जबाबदार अधिकाऱ्याची सही आणि कारणे असावीत, लेखकाला त्याची प्रत मिळावी आणि दाद मागण्याची वाट मोकळी असावी. इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात सांगितले आहेच. तोच न्याय एकेका मजकुराला का नसावा? आणि खोट्या बातमीवर सर्वांत प्रभावी औषध म्हणजे प्रशासनाने तासाभरात, लोकांच्या भाषेत केलेला जाहीर खुलासा. अफवा पसरते ती बहुधा अधिकृत मौनाच्या पोकळीत.

ज्या समाजाने पूर्वपक्ष समजून घेतल्याविना सिद्धान्त मांडू नये, अशी वादाची शिस्त घालून दिली, त्याला प्रतिपक्षाच्या शब्दांची भीती बाळगणे शोभत नाही. डोंगरीच्या तुरुंगातून दोन संपादक परत आले, कारण त्यांना तेथे कोणी पाठवले हे साऱ्या महाराष्ट्राला माहीत होते. कोल्हापूरच्या महाराजांविषयीची तक्रार छापील कागदावर टिकली, म्हणूनच महाराजांच्या मृत्यूचा जाब मागता आला. उद्या असा जाब मागण्याची वेळ गडहिंग्लजच्या, किंवा कुठल्याही गावच्या, नागरिकावर आली, तर त्याची तक्रार वाचण्यासाठी शिल्लक असली पाहिजे. आणि ती पुसायची असेल, तर पुसणाऱ्याचे नाव तिच्याखाली लिहिलेले असले पाहिजे.