दोघांना एकत्र बसवण्याआधी

नवरा मारतो म्हणून समुपदेशकाकडे आलेल्या बाईला बरेचदा सांगितलं जातं, ‘पुढच्या वेळी त्यांनाही घेऊन या.’ सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. दोन्ही बाजू ऐकून घ्याव्यात, हेच तो शिकलेला असतो. पण नवऱ्यासमोर ती बोलणार काय? आणि बोललीच, तर घरी गेल्यावर त्याची वसुली होते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांनी हे ओळखलं आहे. समुपदेशनात प्रतिवाद्याला हिंसेचं समर्थन करता येणार नाही, आणि तसं त्याला आधीच बजावायचं, असं चौदावा नियम सांगतो. हा नियम न्यायालयाच्या आदेशाने होणाऱ्या समुपदेशनापुरता आहे, पण खासगी थेरपिस्टनेही तो पाळायला काय हरकत आहे? ‘ती काय बोलली म्हणून हात उचललात?’ या प्रश्नातच निम्मा दोष तिच्या पदरात पडतो.

यावर आक्षेप येतो की, बऱ्याच जणींना संसार मोडायचा नसतो. खरंच आहे, आणि तो निर्णय सर्वस्वी तिचा. पण तिथेच राहणारीला सुरक्षिततेचा आराखडा जास्त लागतो. कागदपत्रांच्या प्रती कुणाकडे ठेवायच्या, रात्री कोणत्या शेजारणीचं दार वाजवायचं, तो फोन तपासत असेल तर भेटीचा मेसेज पाठवायचा की नाही. कधी गळा दाबला होता का, हे तर थेट विचारायलाच हवं. पुढे जिवावर बेतण्याची ती मोठी खूण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या ७७ टक्के स्त्रियांनी मदत तर मागितली नाहीच, कुणाला सांगितलंही नाही. दारात आलेली बाई परत येईलच, असं धरून चालता येत नाही.

‘आमचं काम मनाचं, कोर्टकचेरीचं नाही,’ असंही थेरपिस्ट म्हणतात. पण त्यांचा कागद कोर्टात जाऊ शकतो. हिंदू विवाह कायद्यात गंभीर मानसिक विकार हे घटस्फोटाचं कारण आहे. मुलांच्या ताब्याच्या वादातही आईचं मन:स्वास्थ्य काढलं जातं. मारहाणीचा उल्लेख न करता नुसतं ‘नैराश्य’ लिहिलं, की समोरच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो. तिने सांगितलेलं तिच्याच शब्दांत, तारखेसह नोंदवावं. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ ही संस्था आणि महापालिका यांनी उभारलेल्या ‘दिलासा’ केंद्राने उपचार, समुपदेशन आणि कायद्याची वाट यांची सांगड घातली आहे. एकट्या थेरपिस्टला एवढं जमणार नाही, मान्य. पण कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर देणं आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाच्या अटीशिवाय मोफत वकील मिळतो हे सांगणं, त्याच तासात बसतं.