आपल्यांचे ओझे

फुटबॉलमध्ये हरलो की आपण दोनच गुन्हेगार शोधतो, एक रेफ्री आणि दुसरा गोलरक्षक. तिसरा गुन्हेगार आपण स्वतः असू शकतो, हे मला हैदराबादच्या संघामुळे कळले.

20 डिसेंबर 2015. फातोर्ड्यावर आयएसएलचा अंतिम सामना, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन. 87व्या मिनिटाला जोफ्रेने गोल केला, आपण 2-1 ने पुढे. करंडक घरी आलाच म्हणून लोक नाचू लागले. आणि 90व्या मिनिटाला आपला गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी याच्या नावावर स्वयंगोल लागला. पाठोपाठ मेंडोझाचा गोल. 3-2, खेळ खलास! दुसऱ्या दिवशी कचेरीत चहाबरोबर आम्ही कट्टीमनीला फासावर चढवले. माझाच आवाज सगळ्यांत मोठा होता.

पुढे हाच कट्टीमनी हैदराबाद एफसीत गेला. 2019-20 च्या पहिल्या मोसमात हा संघ 18 सामन्यांत 10 गुण मिळवून तळाला राहिला होता. त्यांच्याकडून कोण काय मागणार? 20 मार्च 2022 रोजी तोच संघ अंतिम सामन्यात उतरला, पुन्हा फातोर्ड्यावरच! स्टँडमध्ये केरळवाल्यांचा पूर लोटला होता. त्यांचा संघ 2014 आणि 2016 चे अंतिम सामने हरलेला. आता तरी जिंका, हा धोशा. 88व्या मिनिटाला गोव्याच्याच साहिल तावोराने बरोबरी साधली आणि पेनल्टींत कट्टीमनीने तीन फटके अडवले. मैदान तेच, माणूस तोच.

अंतिम सामन्याचे दडपण हैदराबादवरही होतेच. पण विरोधकांचा गोंगाट माणूस सोसतो. 1962 च्या जाकार्ता एशियाडमध्ये हैदराबादच्या रहीमसाहेबांचा भारतीय संघ भर मैदानात हुर्यो झेलत खेळला. राजकीय वादामुळे प्रेक्षक भारतावर चिडलेले, साहेब स्वतः कर्करोगाने आजारी, साखळीत दक्षिण कोरियाकडून 2-0 ने हरलेले. त्याच कोरियाला अंतिम सामन्यात 2-1 ने हरवून त्यांनी सुवर्णपदक आणले. आपला फॉर्च्युनाटो फ्रँको त्या संघात होता.

जड होते ते आपल्याच माणसांचे ओझे. चुकलो तर उद्या गावात तोंड कसे दाखवू, हा विचार डोक्यात शिरला की खेळाडूची नजर चेंडूवरून हटते. बचावपटू पास द्यायचे सोडून चेंडू नुसता भिरकावतो, गोलरक्षकाचे पाऊल क्षणभर अडखळते. तो क्षण पुरेसा असतो.

हैदराबादचा तो क्लब 2025 मध्ये दिल्लीला गेला. आमची कचेरी मात्र जागच्या जागी आहे, आणि चहाही. अपेक्षा जरूर ठेवावी. प्रेम असते तिथेच ती असते. पण हरल्यावर आपण काय बोलणार, हे खेळाडूला आधीच ठाऊक असते, आणि ते घेऊनच तो मैदानात उतरतो. 2022 च्या त्या रात्री मी टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या खऱ्या, पण थोडा ओशाळूनच.