वाळूतली गिटार

बालदोस्तांनो, महाराष्ट्राचा नकाशा काढा पाहू! भोरहून महाडला जाणाऱ्या रस्त्यावर हिर्डोशी सापडलं? इथला पाऊस नीरा नदीत जातो. नीरा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. पण वरंधा घाट उतरलात, की पलीकडचं पाणी सावित्री नदीतून बाणकोटच्या खाडीत, म्हणजे अरबी समुद्रात! एकाच ढगाचं पाणी, पण वाटा दोन. आणि या दोन्ही समुद्रांत आजचे आपले पाहुणे राहतात. ते म्हणजे गिटारमासे!

पुढे चपटं, पसरट अंग आणि मागे लांब शेपूट. अगदी गिटारच! हा पाकटाचा भाऊबंद, पण त्याच्या शेपटीला पाकटासारखा विषारी काटा नसतो. तुमच्या कानाची वरची कड दुमडून पाहा. लवचीक लागते ना? याचा सगळा सांगाडा तसल्याच कूर्चेचा असतो, हाडं नाहीतच. तो वाळूत पोट टेकून पडतो आणि खेकडे, कोळंबी खातो. कल्ल्यांच्या फटी पोटाकडे, मग वाळूत श्वास कसा घ्यायचा? त्यासाठी डोळ्यांमागे दोन छिद्रं असतात. त्यांतून तो पाणी आत ओढतो. आहे की नाही युक्ती?

पण या युक्तीपुढे जाळं भारी पडतं. ट्रॉलरची जाळी समुद्राचा तळ खरवडत जातात. कोळंबीसाठी टाकलेल्या जाळ्यात हाही येतो. मोठ्या जातींच्या परांना परदेशात सूपसाठी भारी किंमत मिळते. बांगडा हजारो अंडी घालतो. गिटारमाशाची मादी मात्र मोजक्याच पिल्लांना जन्म देते, तीही मोठी झाल्यावर. मग गेलेल्यांची भर निघणार कशी? २०१९ साली शास्त्रज्ञांनी मोठे गिटारमासे आणि त्यांचे जवळचे नातलग अशा १६ जाती तपासल्या. त्यांतल्या १५ 'अतिसंकटग्रस्त' निघाल्या! त्याच वर्षी या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालायचंही ठरलं. आपल्याकडे यांच्यातल्या एका जातीला २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली.

पण कायदा कागदावर आणि मासा जाळ्यात! मग वाचवायचं कुणी? गोव्यात संशोधकांनी हा प्रश्न घेऊन मच्छीमारांनाच गाठलं. कुठली पिल्लं कधी नि कुठे दिसतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? रापण किनाऱ्यावर ओढतात, तेव्हा उथळ पाण्यातली पिल्लं पुष्कळदा जिवंतच असतात. त्यांना बाजारात फारसा भावही नसतो. लगेच पाण्यात सोडली, तर ती जगू शकतात. वाळूवर तशीच राहिली, तर मात्र संपलंच. दोन मिनिटांचा प्रश्न असतो, पण त्यातही ओढणाऱ्यांची घाई आणि दमलेले हात असतात, हे विसरू नका.

सुट्टीत कोकणात गेलात, तर रापण जरूर पाहा. चपटं पिल्लू दिसलं, तर हात लावू नका, ते पाकटाचंही असू शकतं. रापणकार काकांना मात्र विचारा, "काका, हे सोडता येईल का?"

आणि आता डोकं चालवा! गिटारमाशाचे डोळे वर, तोंड मात्र खाली. असं का बरं असेल?