पळणाऱ्या पोरांना एकटे सोडू नका



हंगाम सुरू झाला की पहाटेच्या अंधारात रस्त्यावर दोघांची गाठ पडते: उसाने भरलेल्या ट्रॉल्या आणि भरतीसाठी पळणारी आपली पोरं. बहुतेक एकेकटीच पळतात, रोज जीव तोडून १६०० मीटर. पोटऱ्या भरून आल्या की सराव बंद.

आडसाली ऊस १६ ते १८ महिने रानात उभा असतो. युरियाचे पोते एकदम ओतून तो सहा महिन्यांत तोडणीला येत नाही. दमाचेही तसेच आहे. आठवड्यातले बहुतेक दिवस बोलता येईल इतके सावकाश, पण लांब पळावे. एक-दोन दिवस जोर लावावा, एक दिवस विसावा घ्यावा. अंतर बेताने वाढवावे. यासाठी गावोगाव पळणाऱ्यांचे मंडळ हवे. सोबत असली की आळशी उठतो आणि उतावळा आवरतो.

मुलींनाही धाडा. माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळेने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याच प्रकारात रौप्यपदक घेतले. दोघेही दुष्काळी मुलखातले. मग आपल्या बागायती गावांनी सबब कोणती सांगावी?

मंडळाने डांबरी रस्ता सोडून पाटाकडेची वाट धरावी. आणि आपण, ट्रॉलीमागे लाल रिफ्लेक्टर असल्याशिवाय ऊस कारखान्याकडे धाडू नये. पदकाचे पुढे पाहू. आधी पोर धडधाकट घरी परत येऊ द्या.

– ऊस विकास अधिकारी